मे महिन्यातला स्वेटर

नागपूरच्या मे महिन्यात लोकरीचा स्वेटर घालून हिंडणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो शहराच्या टोकाला, बेसा भागात, आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. इथे कूलरसमोर बसूनही जीव कासावीस होतो, आणि आमचे हे वरचे काका पूर्ण बाह्यांचा स्वेटर चढवून भाजी आणायला निघतात. शिवाय घरात काहीही करायचं तर आधी जाहीर करतात. "आता मी कुकर लावून राहिलो बरं, चार शिट्ट्या होतील!" ही घोषणा खाली आम्हालाही ऐकू येते. एकदा गल्लीत वरात आली, तेव्हा बँडवाल्यापुढे हात जोडून उभे राहिले. "पाच मिनिटं थांब गा, पोरीले मागच्या खोलीत नेतो." नवरदेव घोड्यावर ताटकळला. या प्रसंगाची नक्कल करून मी चारचौघांत भरपूर हशा मिळवला आहे.

पोरगी चौदा वर्षांची, समज मात्र तीन-चार वर्षांची. बोलायला मोजके चार शब्द. आई नाही. अचानक आवाज झाला की ती घाबरते आणि तेव्हा बापाचा दंड चावायची. गेल्या उन्हाळ्यात हे चावणं फारच वाढलं. शाळेने "शांत झाली की आणा" म्हणून घरी पाठवलं. "डावाच हात देतो मी तिले," काका म्हणाले, "उजव्यानं पोळ्या लाटा लागते." मी हसलो. तेही हसले.

डॉक्टरांनी तिला शांत ठेवायच्या गोळ्या वाढवल्या. पोरगी दिवसभर निपचित पडून राहू लागली, पुढे जेवेनाशी झाली. तेव्हा कुठे एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं. मागची दाढ किडून आत पू झाला होता. चावलं की तेवढ्यापुरतं तिला बरं वाटत असणार.

काका आमच्या जिन्यात बसून रडले. "तिचं दुखून राहिलं होतं गा, अन् मी तिले झोपवून राहिलो होतो." माझ्या सगळ्या नकला आठवल्या आणि स्वतःची लाज वाटली.

दाढ काढली, गोळ्या कमी झाल्या, शाळेने परत घेतलं. त्यानंतर ती एकदाही चावलेली नाही. तरी यंदाच्या मे महिन्यात काका जिन्यात भेटले ते घामाने निथळत, त्याच स्वेटरमध्ये.

"काका, आता ती चावत नाही, मग काहून घालता हा?"

त्यांनी डाव्या बाहीवरून हात फिरवला. "उद्या काही दुखलं, त सांगाले तिच्यापाशी दुसरं आहे काय गा?"

ते वर गेले. थोड्या वेळाने कुकरची घोषणा आली. मी कूलर बंद करून चारही शिट्ट्या ऐकल्या.