बोटीची पूजा

माझ्या मुलीला ती दहा वर्षांची होईपर्यंत मी एक गोष्ट कळू दिली नव्हती. मला पाण्याची भयंकर भीती वाटते. लहानपणी गावाकडच्या कालव्यात माझा चुलतभाऊ वाहून गेला आणि त्यानंतर आमच्या घरातल्या एकाही मुलाला कोणी पाण्याच्या वाऱ्याला उभं राहू दिलं नाही. ही भीती मला मुलीच्या गळ्यात बांधायची नव्हती. म्हणून इथे सिंगापुरात, यिशुनमध्ये, तिचा पोहण्याचा क्लास असायचा तेव्हा मी काठावर बसून हसत हात हलवायची. नजर मात्र तिच्या डोक्यावरून हलायची नाही.

त्यात नवऱ्याने बोट घेतली. सिंगापूर सोडून निघालेल्या एका सहकाऱ्याची, हवा भरायची, दोन माणसांची. रविवारी बापलेकीने पासिर रिसच्या कालव्यातून निघायचं, समुद्राला लागायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने थोडं पुढे जाऊन परत यायचं, असा बेत ठरला.

"अगं, साधा कालवा तो," नवरा म्हणाला. कालवा म्हटलं की मला काय आठवतं हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तरी स्वारी शिट्टी वाजवत पंप शोधत होती. असा राग आला!

पण मुलीसमोर बोलायची सोय नव्हती. मग मी तयारीच्या मागे लागले. लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले, जास्तीची दोरी आणली, तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. धोक्याच्या वेळी वाजवायच्या शिट्ट्या इतक्यांदा फुंकून पाहिल्या, की शेजारची चिनी आंटी दार उघडून बघून गेली.

शनिवारी आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, बोट फुगवली. नवी गाडी आली की पूजा करतो, मग बोटीची नको? मी तबक घेऊन खाली गेले.

"लिंबू कुठल्या चाकाखाली ठेवणार?" नवऱ्याने विचारलं. मी हळदकुंकू वाहिलं, कापूर पेटवला, तेवढ्यात त्यालाच हुरूप आला. "दे इकडे. कॅप्टन मी आहे."

त्याने अशी काही झोकात आरती ओवाळली, की पेटता कापूर तबकातून घसरला आणि थेट बोटीवर पडला. त्याने हाताने झटकला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. फुस्स आवाज आला आणि बोटीचं नाक कुंकवासकट खाली बसलं.

"बाबा! यू बर्न्ड इट, ला!" इथल्या इंग्रजीतला 'ला' शेवटी जोडत मुलगी हसून हसून लोळली. मला हसू येईना. काही वाईट होऊ नये म्हणून केलेली पूजा, आणि भोक त्या पूजेनेच पाडलं.

नवऱ्याने ठिगळ लावलं, ते वाळू दिलं, वर साबणाचं पाणी ओतलं. एकही बुडबुडा आला नाही. "बघ, आधीपेक्षा पक्की झाली," तो म्हणाला. मी ते ठिगळ येताजाता अंगठ्याने दाबून पाहत राहिले.

रविवारी सकाळी कालव्याच्या काठावर बोट पाण्यात सोडली. मुलगी पाय टाकणार, तोच मी तिचा दंड धरला.

"थांब. आधी मी बसते."

नवरा बघतच राहिला. "तू? तुला पोहता तरी येतं का?"

मी जॅकेट चढवून बसलेसुद्धा. बोट डुगडुगली. नवरा मागे बसून वल्हवू लागला. मी एक हात ठिगळावर दाबून धरला आणि दुसरा काठावरच्या मुलीकडे बघून हलवला, ओठ घट्ट मिटून हसत. पलीकडच्या पुलापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. ठिगळ टिकलं होतं. मी काठावर उतरले.

मग मुलगी बसली. बोट हलली तशी तिने कड घट्ट पकडली.

"भीती नाही ना वाटत?" मी विचारलं.

"नो ला, आई." आणि ती हसली, ओठ घट्ट मिटून.

ते हसू माझं होतं. कोण जाणे किती वर्षं ती ते काठाकडे बघून शिकत होती.

मी गुडघ्यावर बसले. "मला वाटली," मी म्हणाले. "आत्ता खूप भीती वाटली. नेहमीच वाटते."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिचा चेहरा रडवेला झाला.

"आय नो, आई," ती म्हणाली. "मला पण वाटते."

मला वाटलं, आता उतरेल. मी हात पुढे केला. तिने तो धरला, दाबला, आणि सोडून वल्हं उचललं.