झायफेनच्या लेथवर सावंतवाडीचे बाबा

ख्रिसमस मार्केट बघायला ख्रिसमसला जायचं नसतं. ही अक्कल आम्हाला तिकिटं काढून झाल्यावर आली. नवऱ्याच्या, म्हणजे प्रसादच्या ऑफिसात एक जर्मन सहकारी आहे. प्रसादने त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, की आम्ही पंचवीस डिसेंबरला न्यूरेंबर्गला पोहोचतोय. तो शांतपणे म्हणाला, "छान. रस्ते अगदी रिकामे मिळतील." जर्मनीतले बहुतेक बाजार तेवीस-चोवीस तारखेलाच गाशा गुंडाळतात. आकाशकंदील आणायला भाऊबिजेच्या रात्री निघावं, तशी आमची गत झाली होती. तिकिटं बदलायला किती दंड पडला ते इथे लिहीत नाही, कारण हा ब्लॉग माझी आईसुद्धा वाचते.

तर तुम्ही अमेरिकेतून जाणार असाल तर नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा आठवडा धरा. डॅलसजवळच्या आमच्या प्लेनोत शाळांना तेव्हा आठवडाभर सुट्टी असते, आमच्या घरात टर्कीवाचून कुणाचं अडत नाही, आणि तिकडे बाजार नुकतेच उघडत असतात. न्यूरेंबर्गचा शुक्रवारी उघडतो. त्यामुळे आम्ही बुधवारी निघून मंगळवारी परतायचं ठरवलं आणि ईराची दोन दिवस शाळा बुडवली. ईरा म्हणजे आमची बारा वर्षांची लेक. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

चौथे प्रवासी माझे सासरे. या सहलीचं खरं कारण तेच होते, म्हणून त्यांच्याबद्दल आधी सांगते.

बाबांनी सावंतवाडीत पन्नास वर्षं लाकडी खेळणी केली. भोवरे, भातुकली, पाळण्यावर टांगायचे पोपट. लेथवर लाकूड कातायचं, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवायचा आणि केवड्याच्या पानाने चकाकी आणायची. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. प्रसाद एकुलता एक, त्यामुळे कारखान्याला कुलूप लावून बाबांना आम्ही इकडे घेऊन आलो. इथे त्यांना स्वतंत्र खोली आहे, टीव्हीवर मराठी बातम्या आहेत, शनिवारी देऊळ आहे. आणि बाबा दिवसभर जेवणाच्या टेबलाशी बसून मागच्या अंगणाकडे बघत असतात. कधी तक्रार करत नाहीत. एखादवेळी केली असती तर मला बरं वाटलं असतं.

ऑक्टोबरात सावंतवाडीहून त्यांच्या पुतण्याचा, दिलीपचा फोन आला. कारखान्याची जागा लेथसकट घ्यायला एकजण तयार आहे, नाताळापर्यंत काय ते सांगा. बाबा म्हणाले, "देऊन टाक. आता कोण करतलो?" प्रसादलाही ते पटलं. मी मध्ये पडले आणि म्हटलं, आधी आपण ठरलेली सहल करून येऊ, मग कळवा. माझा हेतू अगदी सरळ होता. बाबा एकदा आमच्याबरोबर मोकळेपणाने हसले-फिरले, की इथे रमतील असं मला वाटत होतं. त्यांचं मन प्लेनोत रुजावं म्हणून मी त्यांना जर्मनीला नेत होते. मी नागपूरची आहे, एकदा ठरवलं की ठरवलं.

कागदपत्रांचं सांगते. आम्हा तिघांकडे अमेरिकन पासपोर्ट, पण बाबांचा अजून भारतीयच आहे. ग्रीन कार्ड असलं तरी शेंगेन व्हिसा लागतोच. त्यासाठी ह्यूस्टनला चार तास ड्राइव्ह करून बोटांचे ठसे देऊन आलो. अपॉइंटमेंट मिळवताना नाकी नऊ येतात, तेव्हा दोन-तीन महिने आधीच मागे लागा.

डॅलसहून फ्रँकफर्टला थेट विमान आहे, साधारण दहा तासांचं. तिथून ट्रेनने दोन-सव्वादोन तासांत न्यूरेंबर्ग. चौदा वर्षांपर्यंतची मुलं आईवडिलांबरोबर फुकट जातात, फक्त तिकिटावर त्यांची नोंद करून घ्या. नाहीतर माझ्यासारखं टीसीसमोर केविलवाणं हसत बसावं लागेल.

शुक्रवारी संध्याकाळी न्यूरेंबर्गचा बाजार उघडताना आम्ही चौकात उभे होतो. दोन तास आधी जाऊनही पुढची जागा मिळाली नाही. साडेपाचला सगळे दिवे मालवले आणि चर्चच्या सज्जात सोनेरी केसांची, मुकुट घातलेली एक मुलगी उभी राहिली. तिने दोन्ही हात पसरून काहीतरी कविता म्हटली. आमच्या आसपासची थोरली माणसंसुद्धा ओठांतल्या ओठांत ती म्हणत होती. मी वळून पाहिलं तर बाबांनी हात जोडले होते.

"आजोबा, शी इज नॉट अ गॉड," ईरा हळूच म्हणाली.

"असांदे गो. लोकांचो देव आसा ना?" बाबा म्हणाले.

खाण्याचं म्हणाल तर बोटाएवढे तीन सॉसेज पावात घालून मिळतात, प्रसादने त्याच्यावर ताव मारला. शाकाहाऱ्यांना बटाट्याच्या किसाची धिरडी मिळतात, सोबत सफरचंदाची गोड चटणी. मी पर्समधून लसणीचं तिखट काढून त्यावर भुरभुरलं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलेलं नाही. दालचिनी-लवंग घातलेली गरम वाइन सगळीकडे असते. बाबांनी एक घोट घेऊन निकाल दिला, "ह्यो तर सर्दीवरचो काढो." तरी कप रिकामा झाला. कपाचं डिपॉझिट घेतात. कप परत दिला की पैसे मिळतात, आवडला तर ठेवून घेता येतो. आमच्याकडे आता सात आहेत.

बाबा चालत होते, बघत होते, विचारलं की "बरा आसा" म्हणत होते. तेवढंच. रात्री हॉटेलवर मी प्रसादला म्हटलं, "ते आपल्यासाठी फिरतायत रे." तो म्हणाला, "यार मेघना, ते एन्जॉय करतायत. प्रत्येक गोष्टीचं रिपोर्ट कार्ड नको बनवूस." त्यावर आमची थोडी जुंपली.

शनिवारी ट्रेनने ड्रेस्डेनला गेलो. बाजाराच्या मधोमध तिमजली घराएवढा लाकडी मनोरा आहे, त्याच्यावर लाकडी माणसं आणि प्राणी गोल फिरत असतात. शेजारच्या एका स्टॉलवर त्याचीच वीतभर आवृत्ती होती. खाली चार मेणबत्त्या, वर पात्यांचं चक्र. मेणबत्त्यांच्या उष्णतेने हवा वर चढते आणि पाती फिरतात. बाबा तिथे वाकले ते वाकलेच.

"वारो खयसून येता?" त्यांनी विचारलं. मी मेणबत्त्यांकडे बोट दाखवलं. त्यांनी ज्योतीवर हात धरून पाहिला आणि पात्याचा कोन करंगळीने मोजला. मग एका इवल्याशा लाकडी घोड्याला उलटं करून त्याचं पोट बघितलं. दुकानदारीण संशयाने बघू लागली.

"ह्यो लेथवर केललो आसा," बाबा म्हणाले. "पण घोडो लेथवर कसो होतलो? लेथवर होता ता सगळा गोल."

दोन वर्षांत पहिल्यांदाच ते मला काही विचारत होते. मी ताबडतोब दुकानदारणीला गाठलं. ती म्हणाली, "झायफेन. तिथे जा, बघायला मिळेल."

माझ्या एक्सेल शीटमध्ये रविवारी प्राग होतं. हॉटेलचे पैसे भरलेले, कॅन्सल केलं तर परत मिळणार नव्हते. तरीही मी प्राग खोडलं. माझ्या स्वभावाचा विचार करता हे फार मोठं पाऊल होतं, आणि प्रसादने ते मुकाट्याने मान्य केलं.

झायफेन हे डोंगरातलं खेळण्यांचं गाव आहे, ड्रेस्डेनहून दीड तासावर. बस आहे, पण रविवारी ती फार बेताची, म्हणून आम्ही गाडी भाड्याने घेतली. विंटर टायर आहेत ना, हे विचारून घ्या. गावात शिरलो तर एकूण एक खिडकीत दिव्यांची लाकडी कमान होती आणि दर दुसऱ्या घराखाली खेळण्यांचं दुकान. बाबांनी गाडीची काच खाली केली. बाहेर शून्याच्या खाली होतं, पण त्यांना आत येणारा ओल्या लाकडाचा वास हवा होता.

एका कार्यशाळेत पन्नाशीच्या एक बाई लेथवर काम करून दाखवत होत्या. समोर तीसेक माणसं होती. त्यांनी भाकरीएवढी लाकडाची चकती लेथवर चढवली आणि वेगवेगळ्या पटाशींनी तिच्यात खोबणी पाडायला सुरुवात केली, आधी पुढून, मग पलटून मागून. शेवटी हातात राहिलं एक जाड कडं, वेड्यावाकड्या खाचांचं. बाबा कधी गर्दीतून पुढे गेले मला कळलं नाही. ते दोरीपाशी उभे राहून पुटपुटत होते, "लाकूड ओला आसा. ओला घेतला म्हणान साल निघता."

बाईंनी कडं उंच धरून मोडक्या इंग्रजीत विचारलं, यात कोणता प्राणी आहे? लोक ओरडू लागले. कुत्रा, घोडा, हरीण. बाबांनी हात पुढे केला. बाईंनी थोडं नवल करत कडं त्यांच्या हातात दिलं. बाबांनी डोळे मिटून आतल्या खाचेतून अंगठा फिरवला.

"मेंढरू," ते म्हणाले. "भायरसून काय दिसणा नाय. कान आतल्या बाजूक आसत."

"ही सेज इट्स अ शीप," ईराने मोठ्याने भाषांतर केलं. "द इअर्स आर ऑन द इनसाइड."

बाईंनी कडं ठोकळ्यावर ठेवलं, सुरी लावली, हातोडीने ठोकलं. केकच्या फाकेसारखा एक तुकडा सुटून पडला. त्याची कापलेली बाजू आमच्याकडे वळवली, तर ती मेंढी होती. चार पाय, कान, सगळं. एका कड्यातून अशा साठेक मेंढ्या निघतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई मात्र बाबांच्या उजव्या हाताकडे, अंगठ्याच्या घट्ट्याकडे बघत होत्या. मग त्यांनी स्वतःचा अंगठा त्याच्याशेजारी धरला. तस्साच घट्टा.

गर्दी पांगल्यावर त्यांनी बाबांना आत बोलावलं, एप्रन आणि गॉगल दिला आणि लाकडाचा एक उरलेला तुकडा लेथवर चढवला. बाबांनी आयुष्यभर बसून काम केलेलं, इथे उभ्याने करायचं. त्यात हत्यार परकं आणि लाकूड ओलं. पहिल्याच झटक्याला पटाशी निसटली, तुकडा उडून भिंतीवर आपटला. बाबांचा चेहरा उतरला. त्यांना इथवर आणायचा हट्ट माझा होता.

"बाबा, असू दे. चला," प्रसाद म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाईंनी दुसरा तुकडा चढवला. या वेळी बाबांनी पाय फाकवले, कोपर बरगडीला टेकवलं आणि साल सुटू लागली, लांब आणि अखंड. पाच मिनिटांत भोवरा तयार झाला. त्यांनी तो बोटांनी टेबलावर फिरवला. तो एका जागी उभा राहून इतका स्थिर फिरला, की ईराने फोनमधून मान वर काढली.

बाईंनी भोवरा उचलला, त्याच्या टोकावरून नख फिरवलं आणि विचारलं, "वर्कशॉप? व्हेअर?"

प्रसाद समजावून सांगायला पुढे सरसावला. "इन इंडिया. बट इट्स क्लोज्ड नाऊ. वी आर सेलिंग—"

"नो," बाबा म्हणाले. गॉगल कपाळावर चढवून ते सरळ बाईंशी बोलले. "सावंतवाडी. ओपन."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. दोन्ही लपवायला मी मेंढ्या विकत घ्यायला गेले. एक छोटी पिशवीभर घेतल्या. झायफेनला गेलात तर याच घ्या, मोठ्या वस्तूंच्या किमती डोळे पांढरे करतात.

परतीच्या प्रवासात बाबांनी दहापैकी आठ तास बडबड केली. प्लेनोला पोहोचल्यावर बॅगा उघडायच्या आत त्यांनी दिलीपला फोन लावला आणि सांगितलं, जागा द्यायची नाही, लेथचा पट्टा बदलून ठेव. प्रसाद चार दिवस धुसफुसत होता. एकटे कसे राहणार, बीपीच्या गोळ्या कोण देणार? दिलीपचं घर भिंतीला भिंत लागून आहे, ग्रीन कार्ड आहे म्हणून सहा महिन्यांच्या आत परत येतील, हे सगळं मी त्याला समजावलं. खरं सांगायचं तर मी स्वतःलाच समजावत होते. ज्यांनी इथे रमावं म्हणून मी एवढा घाट घातला, त्यांना जानेवारीत मीच विमानतळावर सोडून आले. येताना गाडीत रडले. बाबांनी मात्र सिक्युरिटीच्या रांगेतून एकदाच मागे वळून हात हलवला, आणि इतक्या उत्साहात की मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही.

लोक विचारतात, युरोपचे बाजार कसे होते, वर्थ इट का? थंडी होती, गर्दी होती, प्राग राहिलंच. घरात सात कप आणि मेंढ्यांचा कळप आहे. जेवणाच्या टेबलाशी अंगणाकडे तोंड केलेली खुर्ची रिकामी असते आणि ती मला रोज खुपते. आणि तरीही माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात यशस्वी सहल आहे, असं मी सांगते.

गेल्या रविवारी मी व्हिडिओ कॉल केला. बराच वेळ रिंग वाजल्यावर बाबांनी उचलला. नाकाला, भुवयांना लाकडाचा भुसा लागलेला, मागे लेथ घरघरत होता. मी विचारलं, "बाबा, जेवलात का? बरे आहात ना?"

"माका आता येळ नाय गो," ते म्हणाले. "मागीर फोन कर." आणि त्यांनी फोन ठेवला.