होळीला निघणारा लसूण

आम्ही दोघा भावांनी आईची वाटणी महिन्यांत केली आहे. दिवाळी ते संक्रांत ती माझ्याकडे पिंपळे सौदागरला, त्यापुढे गुढीपाडव्यापर्यंत थोरल्याकडे चाकणला, आणि पुढेही अशीच आळीपाळी. कंपनीत शिफ्टचं वेळापत्रक मीच लावतो, त्यामुळे ही युक्तीही मलाच सुचली. तेव्हा घरात माझं कौतुकही झालं.

यंदा भाऊबीज झाल्यावर मी बाल्कनीत दोन क्रेट माती भरून ठेवली. आईचा सगळा जन्म शेतात गेला. म्हटलं, तिचा वेळ जाईल, आणि मुलगा गुणाचा आहे हे सोसायटीलाही दिसेल. लसणाचे गड्डे आणि मुळ्याचं बी तिच्यापुढे ठेवलं. तिने मुळ्याचं बी तेवढं उचललं.

"लसूण का नको?" मी विचारलं.

"लसूण निघतो होळीला. तवर मी हितं आसणार व्हय?"

"मी काढून पाठवीन की चाकणला."

"पाठव. मला पाठवतोस तसा."

ती बोटाने मातीत रेघ ओढून बी पेरू लागली. 'यंदा होळीपर्यंत राहा,' एवढंच म्हणायचं होतं. पण मुलीची दहावी, तिच्या खोलीतलं आईचं अंथरूण, थोरल्याशी बोलणं, सगळं एकदम डोक्यात आलं. लग्नाकार्यात माइक न सोडणारा मी म्हणालो, "पाणी किती घालू?"

"बेतानं," आई म्हणाली.

मुळे चांगले पोसले. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आईची पिशवी मीच गाडीत ठेवली आणि ठरल्या वेळेला तिला चाकणला पोचवलं. त्या बाबतीत मला नाव ठेवायला जागा नाही.