कुणाचीच नसलेली खाट

उन्हाळ्यात बालाघाटच्या घराच्या गच्चीवरून दूरचे डोंगर जळताना दिसतात. अंधारात आगीची ती वाकडी रेघ हळूहळू सरकत असते. शेजारच्या बाया म्हणतात, किती छान दिसते. मी खाली येते. खाली आले तरी माझे कान डफड्याकडे लागलेले असतात. डफडं काही वाजत नाही.

मी हट्टा गावची. चौथी झाल्यावर शाळा सुटली, आणि पुढं लग्न होऊन लांजीच्या पलीकडे जंगलातल्या नाक्यावर आले. माझे यजमान जंगलखात्यात नाकेदार होते. दोन खोल्यांचं कौलारू क्वार्टर, समोर अंगण, आणि ओढ्यापलीकडे गाव. गावातल्या बाया विहिरीवर भेटत, पण मला बोलता येत नसे. पदर दातात धरून मी घागर भरायची आणि निघायची. मागून हसणं ऐकू यायचं.

"नाकेदारनी मुकी हाय का वो?"

"मुकी नाई वो. नाकेदारच बोलू देत नसन. मोठा कायदेवाला मानूस हाय तो!"

यजमानही चेष्टा करायचे. "घराले आग लागली तरी तुह्या तोंडातून शब्द नाई निंघनार. पदर चावत बसशीन." आणि मोठ्यानं हसायचे. मलाही हसू यायचं.

होळी झाली की मोहाची फुलं गळू लागतात. वेचताना फुलं नीट दिसावी म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात. हे पूर्वीपासूनचं. कधी वारा सुटला की ती आग हातातून निसटायची आणि डोंगर चढायची. मग ज्याच्या नजरेस पडेल तो धावत नाक्यावर येई, "नाकेदारसाब, आग!" गावचा कोतवार डफडं बडवी, आणि घरटी एक माणूस हिरव्या डहाळ्या घेऊन निघे. बायासुद्धा जात. आग झोडपून विझवली की सगळे काळ्या तोंडानं आमच्या अंगणात येऊन बसत. मी गूळ आणि फुटाणे देई. कुणाची आग, हे यजमान विचारत, शिव्या घालत, फार झालं तर थोडा दंड. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच.

मग वरून हुकूम आला. जंगल फार जळतंय म्हणून शिक्षा कडक केली होती. आता दंड नाही, थेट खटला आणि तुरुंग. आगीच्या जवळपास जो सापडेल त्याला धरून आणायचं. यजमानांनी आंब्याखाली गाव जमवून तो हुकूम वाचून दाखवला. मी दाराआडून ऐकत होते. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "पन साब, इझवाले जो जाईन तोबी तं जवळच सापडन ना?"

लोक हसले. यजमानही हसले.

त्याच मोसमात ओढ्याकाठचा एक तरुण माणूस भरदुपारी पळत आला. त्याचं एवढंसं भाताचं शेत होतं, घरी बायको आणि दोन लेकरं. हात कोपरापर्यंत काळे, दम लागलेला. "साब, मी एकट्यानं झोडपून पाह्यलं. नाई आवरत. डफडं वाजवाले सांगा." गाव गेलं, आग विझली. पण दोन दिवसांनी वरचे साहेब जीपमधून आले आणि विचारलं, आरोपी कुठाय? यजमान म्हणाले, माहीत नाही. साहेब म्हणाले, इतकी आग आणि आरोपी नाही? मग नाकेदारानंच लावली असं लिहू का?

सांगायला कोण आलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याचे हात काळे होते, हाच पुरावा झाला, आणि यजमानांना त्याचं नाव लिहावं लागलं. त्याला बालाघाटला नेलं आणि तिथं त्याला शिक्षा झाली. पावसाळा आला, भाताची रोवणी आली, तो आतच होता. त्याची बायको एका लेकराला बांधावर ठेवून चिखलात एकटी वाकलेली मी पाहिली आहे. निम्मं शेत तसंच पडून राहिलं.

यजमान त्या दिवसांत नीट जेवत नसत. एकदा म्हणाले, "माह्या हातात असतं तं सोडलं असतं." मी ताट उचललं.

पुढच्या उन्हाळ्यात धूर आमचा आम्हालाच दिसला. कोणी सांगायला आलं नाही. यजमान अंगणात उभे राहून बघत होते. गावातूनही तो धूर दिसत असणारच, पण ओढ्यापलीकडे सगळं शांत होतं.

"अवं, मी पुढं होतो," ते म्हणाले. "तू गावात जा. कोतवाराले सांग डफडं वाजव म्हनाव. सारे या म्हनाव."

"मी?"

"दुसरं कोन हाय इथं?"

ते कुऱ्हाड घेऊन निघून गेले. मी ओढा ओलांडला. आजवर मी त्या गावात कुणाच्या दारात उभी राहिले नव्हते.

कोतवार ओट्यावर बसला होता. मला पाहून उठला. मी कसंबसं सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "डफडं फाटलं हाय, बाई."

आठवड्यापूर्वीच्या लग्नात ते वाजलं होतं. आमच्या घरापर्यंत ऐकू आलं होतं.

मी दारोदार गेले. कुठं म्हणाले, माणूस बाजाराला गेलाय. कुठं म्हणाले, ताप आलाय. एका घरात आतून खोकला ऐकू येत होता, आणि बाई दारात उभी राहून सांगत होती की घरी कोणीच नाही. मी पुढं गेले की मागं कडी लागायची. विहिरीवर मला हसणाऱ्या बाया होत्या त्या. आता एकही हसली नाही.

शेवटी त्या तुरुंगात गेलेल्या माणसाचं घर आलं. तो सुटून आला होता, पण दारात त्याची बायको आली. मी म्हटलं, "बाई, ते एकलेच गेले. कोनी तरी चाला."

तिच्या आवाजात राग नव्हता. "माहा मानूसबी आग सांगालेच आलता, बाई."

मग तिनं दार लोटलं. कडी अगदी हळू लावली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मी घरी परतले आणि अंगणात बसले. ऊन उतरलं. धूर काळा झाला, मग पांढरा. आग डोंगराच्या पलीकडे गेली. ते आले नाहीत.

दिवेलागणीला मी आत कंदील लावत होते, तर अंगणात लाकडाचे पाय जमिनीला टेकल्यासारखा आवाज झाला. मी धावत बाहेर आले. अंगणात एक खाट होती, आणि खाटेवर ते. दोन्ही पाय मांडीपर्यंत पळसाच्या पानांत गुंडाळलेले होते, पानांना टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल, लावलेलं होतं. कपाळावर ओलं फडकं. आणि आसपास कोणी नाही. ओढ्याकडच्या वाटेवर नुसता फुफाटा उडत होता.

ते शुद्धीवर होते. म्हणाले, "जळतं खोड पायावर पडलं. त्याइनंच काढलं."

"कोनं?"

"पानी पाजलं. सावलीत ठेवलं. वारा घालत होते. कोनी बोलत नव्हतं."

"कवापासून?"

"दुपारपासून. अंधार पडाची वाट पाहत होते."

"तुमी कोनाले पाह्यलं?"

"मी डोये मिटूनच होतो. पाह्यलं असतं तं लिहा लागलं असतं."

रात्र तशीच काढली. सकाळी बैलगाडीनं लांजी, मग मोटारीनं बालाघाट. दवाखान्यात डॉक्टर रागावले. "एवढा उशीर का केला? काल दुपारीच आणायला काय झालं होतं?" मी पदर तोंडात धरून उभी राहिले. चौथ्या दिवशी ते गेले.

नंतर साहेब क्वार्टरवर आले. मरायला टाकून गेले ते कोण होते, असं त्यांनी विचारलं. खाट कुणाची, असंही विचारलं. टाकून नव्हते गेले, असं माझ्या ओठांपर्यंत आलं. पण वाचवायला आलेला कोण, हे कळलं असतं तर तोच आरोपी झाला असता. मी मान खाली घातली. "बाई लाजते, काही सांगणार नाही," असं म्हणून ते गेले. त्या साली शिक्षा आणखी वाढली, असं ऐकलं.

क्वार्टर सोडायच्या आधी मी एका मजुराच्या डोक्यावर ती खाट देऊन गावात गेले. ज्याची असेल त्यानं घ्यावी, म्हणून. प्रत्येक दारात तेच. आमची नाही, बाई. आमची नाही.

ओढ्याकाठच्या त्या घराच्या पडवीत शेणानं सारवलेल्या जमिनीत चार खळगे होते, खाटेच्या पायांएवढे. शेजारी चटईवर लेकरं झोपली होती. खाटेची एक दोरी निळ्या काठाच्या चिंधीनं बांधलेली होती, आणि बाईच्या अंगावरच्या लुगड्याचा काठ निळाच होता.

"तुमची हाय ना?" मी विचारलं.

तिनं मजुराकडे पाहिलं. मग वाटेकडे पाहिलं.

"आमची नाई," ती म्हणाली. म्हणता म्हणता ती वाकली आणि खाटेच्या पायाला लागलेली राख तिनं पदरानं पुसली.

खाट माझ्याबरोबर मोटारीच्या टपावरून बालाघाटला आली. भिंतीला टेकून उभी आहे. तिच्यावर मी कुणाला झोपू देत नाही.