नंबर बघून घेतलेले टायर आणि माळशेजचा उतार

पिकअपचे चारही टायर झिजून गोटा झाले तेव्हा मीच म्हटलं, नवे घालू आणि पहिली फेरी ओझरच्या गणपतीला नेऊ. आमच्या ह्यांचं पिकअप ओतूरचा कांदा वाशीच्या एपीएमसी मार्केटात आणतं. आठवड्यातून तीनदा माळशेज घाट, पाऊस असो नाहीतर ऊन. म्हणजे जाताना दर्शन, येताना भाडं, डिझेल काही वाया जाणार नाही. घाटातले धबधबे वाचायला आला असाल तर आधी टायरचं ऐकावं लागेल. आमचा सगळा प्रवास त्या टायरांवरच झाला.

सोमवारी महाप्याला गेलो. काचेच्या दाराचं दुकान. तिथला माणूस शांत होता. "घाटात चालवता ना? मग पावसात धरेल आणि उन्हात उकलणार नाही, असा बारमाही टायर घ्या. नक्षी खोल हवी, बाजू जाड हवी." टायर बोटाने दाबून दाखवला. भाव ऐकला आणि मी पिशवी उचलली. त्याला समजलं. दारापर्यंत आला नि म्हणाला, "मावशी, कुठेही घ्या, पण नंबर बघून घ्या."

ते वाक्य मी पदराला गाठ मारल्यासारखं जपलं. आमच्याकडे नंबर बघणं म्हणजे बेरीज बघणं. ह्यांच्या पहिल्या टेम्पोच्या पाटीची बेरीज चार यायची, तो वर्षभरात विकावा लागला. पिकअपची नऊ येते, मोबाइलची नऊ येते. खोलीची येत नाही, म्हणून दारावर श्री काढलाय. नऊ शुभ, एवढं मला आईने शिकवलं आणि मी कधी उलटून विचारलं नाही.

मग तुर्भ्याचं दुकान. मालक बोलका, कपाळाला टिळा, गल्ल्यामागे गणपती. मला आवडला. हे आत जुने टायर मोडीत काढायची घासाघीस करत होते. बाहेर सारख्याच टायरांच्या दोन थप्प्या. "सेम कंपनी, सेम नक्षी, ऑल सीझन, ताई. कुठलाही उचला." मी वाकून बघितलं. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे. एका थप्पीवर १५२५. तेरा, म्हणजे चार. दुसरीवर ३६१८. अठरा, म्हणजे नऊ! चारही टायरांवर तोच.

"हे द्या."

त्याने माझी मोजणारी बोटं बघितली. "बेरीज करताय होय! नऊ येतोय ताई, नऊ! बाप्पाच बोलला." आणि मी न मागताच त्याने दर टायरमागे भाव कमी केला. न मागता कमी झालेल्या भावाला भ्यावं, हे मला मेथीच्या जुडीपुढे कळतं. टायरापुढे नाही कळलं.

आतून ह्यांनी विचारलं, "नंबर बघितलास का?"

"बघितला. उत्तम आहे."

"मग बसवा," हे म्हणाले.

मंगळवारी पहाटे घणसोलीहून निघालो. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हार. शिळफाटा सहाच्या आत ओलांडा, नाहीतर कल्याणपर्यंत कंटेनरांच्या मागे धूर खात बसाल. शहाडनंतर रस्ता मोकळा, पण मुरबाडच्या आधी खड्डे आहेत, आणि ते दरवर्षी त्याच जागी असतात. मुरबाडला ह्यांनी मिसळ खाल्ली, ऐंशी रुपये, तर्री दुसऱ्यांदा मागितली तर तोंड वाकडं करतात. माझा मंगळवारचा उपास, मी घरची केळी खाल्ली. बायकांनी मुरबाडलाच मोकळं होऊन घ्यावं, पुढे सोय धड नाही.

घाट हिरवागार होता, लोक रस्त्यात उभे राहून फोटो काढत होते. मी फोटो काढले नाहीत, मी टायरांचा आवाज ऐकत होते. "बघा कसे धरतायत," मी म्हटलं. हे म्हणाले, "धरतायत खरे." ते हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

ओझरला मंगळवारची गर्दी, पाऊण तास रांग. प्रसाद वाटेतल्या दुकानांतून घेऊ नका, देवळाजवळ तोच स्वस्त मिळतो. मी देवाला म्हटलं, नवे टायर आहेत, सांभाळ. ओतूरला कांद्याच्या गोण्या भरल्या आणि दोनला परत निघालो.

घाटातला बोगदा मागे टाकून उतार लागला, आणि तिसऱ्या वळणावर फटाका फुटावा तसा आवाज झाला. डावीकडचा पुढचा टायर. गाडी दरीच्या बाजूला ओढली गेली. ह्यांनी स्टेअरिंग उलटं धरून ठेवलं, हाताच्या शिरा वर आलेल्या मी बघितल्या. कठड्याला बंपर घासला आणि थांबलो. चार गोण्या उसवल्या, कांदे उताराने पळाले. हे उतरले, स्टेपनी घातली.

खाली टोकावड्यात पंक्चरवाले म्हातारबाबा भेटले. फाटलेल्या टायरवर त्यांनी नख ओढलं, मग चौकटीवर बोट ठेवलं. "तारीक नाय बघितली काय? छत्तीस म्हंजे आठवडा, अठरा म्हंजे साल. सात वर्सं दुकानात बसून रबर वाळला. ताय, नवरीचा शालू नेसवून सासू आनलीत घरी!"

बाजूचे दोघे हसले. हे हसले नाहीत. गाडीवाल्यांत नंबर म्हणजे तारीख, हे त्यांना लग्नाआधीपासून माहीत आहे.

"तू बघितला म्हणालीस," ते म्हणाले.

"बघितला ना. नऊ येत होता."

ओरडले असते तर मी भांडले असते. त्यांनी नुसते हात पुसले. घणसोलीपर्यंत मग रेडिओसुद्धा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तुर्भ्याचा मालक म्हणाला, "मी दोन्ही थप्प्या दाखवल्या होत्या, ताई. तुम्ही नऊ मागितला, मी नऊ दिला. खोटं काय बोललो?" खोटं तो काहीच बोलला नव्हता. उदबत्ती त्याच गणपतीपुढे जळत होती. उरलेले तीन त्याने मोडीच्या भावात घेतले, आणि आम्ही वर भर घालून १५२५ चे चार घेतले. आज आमचं पिकअप चारच्या बेरजेवर माळशेज चढतं आणि उतरतं, सुखरूप.

तुम्ही जाणार असाल तर जा, रस्ता सुंदर आहे. टायर घ्याल तेव्हा शेवटचे दोन आकडे आधी वाचा, नक्षी मग बघा. नऊ देवघरात ठेवा.

देवावर माझा राग नाही. त्याने कठडा धरला. पण पूर्वी हे प्रत्येक गोष्टीला मला विचारायचे, बॅटरी घेऊ का, ताडपत्री कुठली घेऊ. आता विचारत नाहीत. रोज निघताना गुडघ्यावर बसून चारही चाकं स्वतः बघतात, मी दारात उभी असले तरी. मग उठून माझ्या हातचा डबा घेतात. तो मात्र झाकण न उघडता घेतात. तेवढंच शिल्लक आहे.