वायर उपटणारी बू वुर्यानी

इंडोनेशियातल्या सेमारंग शहराच्या उत्तरेकडच्या वस्त्यांत भरतीचं पाणी न्हाणीच्या मोरीतून वर येतं. ते बाहेर फेकणाऱ्या पंपांचं काम बू वुर्यानी सोळा वर्षं पाहत होती. तिकडे मानाने बाईला 'बू' म्हणतात, पुरुषाला 'पा'. तिची एक खोड साऱ्या कंपनीला ठाऊक होती. पंप ताब्यात देण्याआधी पाण्याची पातळी कळवणाऱ्या सेन्सरची वायर ती स्वतःच्या हाताने उपटायची. सेन्सर गप्प झाला, तर प्रोग्रामने ठरलेला वेळ वाट पाहायची आणि उत्तर आलं नाही, तर पाणी चढलंय असं धरून पंप चालू करायचा. हे झालं तरच तिची सही.

त्या सकाळी कालव्यावरचे सहा पंप द्यायचे होते. महापालिकेचे पाहुणे फाटकाशी येऊन ठेपले होते.

"बू, आज तेवढी वायर राहू द्या," साहेब पा हर्सोनो अजिजीने म्हणाले. "तीन दिवस सगळं सुरळीत चाललंय."

"तीन दिवस सेन्सर बोलतोय, पा. गप्प कुठे बसलाय अजून?"

तिने वायर उपटली. पंप ढिम्म. एक मिनिट गेलं, दोन गेली. पाहुण्यांतल्या कुणीतरी घसा खाकरला.

"यंत्र विचार करतंय, असं सांगू का त्यांना?" हर्सोनो दातओठ खात पुटपुटले.

प्रोग्राम लिहिणारा बागास घामाघूम झाला. वुर्यानीने त्याला बाजूला घेतलं.

"वाट किती पाहायची लिहिलंयस?"

"चार मिलिसेकंद, बू. तुमचे दोनशे होते. पा म्हणाले, यंत्र चपळ हवं."

"आणि हे यंत्र वेळ कशाने मोजतं?"

"दहा-दहा मिलिसेकंदांच्या..." तो मध्येच थांबला.

"हं. दहाच्या मापात चार टाकले की पदरात शून्य. आणि शून्य म्हणजे?"

"अजिबात थांबू नको."

"असं तुला वाटतं. प्रोग्राम सेन्सरशी ज्यातून बोलतो, त्या सॉकेटच्या लेखी शून्य म्हणजे मुदतच नाही. बसलाय बघ सेन्सरकडे डोळे लावून. कयामतपर्यंत उठायचा नाही!"

"गाढव आहे मी, बू."

"गाढवाला किती थांबायचं ते तरी कळतं."

हर्सोनो जवळ आले. "वायर लावा, पंप चालेल. आत्ता सही करा, दुरुस्ती उद्या."

"आणि आज भरतीत सेन्सर बुडाला तर? मागच्या गल्लीत लोक पाण्यात झोपतील, खाली सही माझी!"

"सही झाली नाही, तर पुढचं काम तुम्हाला मिळणार नाही. स्पष्ट सांगतो."

"ऐकलं, पा."

बागासने चारचे दोनशे केले, वायर परत जोडली. तिने पुन्हा वायर उपटली आणि पापणी लवायच्या आत पंप धडधडू लागला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हर्सोनोंनी लगेच कागद पुढे केला.

"एकच झाला, पा. पाच राहिलेत."

पाच पंपघरं कालव्याकाठी लांबवर पसरलेली. पाहुणे घड्याळं बघत निघून गेले, त्यांच्या मागोमाग हर्सोनोही. वुर्यानी आणि बागास स्कूटरवरून एकेका पंपावर गेले. प्रोग्राम बदलला, वायर उपटली, आवाज ऐकला. सहावा पंप सुरू झाला तेव्हा चार वाजले होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला. हर्सोनोंचा निरोप होता.

"काय म्हणतायत?" बागासने विचारलं.

"पुढचं काम दुसऱ्याला दिलं."

"माझ्यामुळे, बू."

"तुझ्यामुळे फक्त उशीर झाला," ती म्हणाली आणि पंपाच्या गरम झाकणावर कागद टेकवून तिने सही केली.