जावयाचा फेटा

आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर अर्जाशिवाय कुणी काही लिहिलेलं नाही, आणि तो अर्जही दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे. त्यामुळे एखाद्या माणसाबद्दल लिहायचा मला अधिकार आहे का, हे मला ठाऊक नाही. त्यांचं नाव लिहीत नाही. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो.

"मान ढिली सोड. माणूस हाय तू, खांब न्हाई."

फेटा बांधताना तात्या प्रत्येक नवरदेवाला हे म्हणायचे. कापडाचं एक टोक त्याच्या दातांत द्यायचे आणि त्याच्याभोवती फिरत राहायचे. केस ओढला जायचा नाही, कान दुमडायचा नाही. मंठ्याच्या बाजूला आमच्या आसपासच्या गावांत इतका देखणा फेटा दुसरं कुणी बांधत नव्हतं.

सकाळी मात्र त्यांचे हात थरथरायचे. एक क्वार्टर पोटात गेली की हात थांबायचे. म्हणून आमच्याकडे लग्नाच्या यादीत हळदीकुंकवाबरोबर तात्यांची बाटलीही असायची. यजमान स्वतः नेऊन द्यायचा. तुम्हीही असा माणूस कुठल्यातरी मांडवामागं पाहिला असेल, आणि माझ्यासारखंच त्यात काही वाईट आहे असं तुम्हालाही वाटलं नसेल.

तेच हात घरी काय करतात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. एकदा काकू, म्हणजे त्यांची बायको, हात गळ्यात बांधून आमच्याकडे हळदीला आल्या.

"काय वो, पडल्या का?" एकीनं विचारलं.

"व्हय, पडले."

"तात्याच्या अंगणात लई घसरण हाय बाई," दुसरी म्हणाली. जात्याभोवतीच्या सगळ्या हसल्या. माझी आईही हसली.

त्यांची लेक सविता दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती. गणिताच्या पेपरच्या सकाळी तात्यांनी तिचं दप्तर चुलीत घातलं. का, ते नंतर त्यांनाही सांगता आलं नाही. हॉल तिकीट हातात होतं म्हणून वाचलं. माझा जादा पेन घेऊन तिनं पेपर दिला. ती पास झाली, पण पुढं शिकली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. स्थळ शहागडकडचं. तिनं बापाकडं एकच मागितलं, "बाबा, माझ्या लग्नात तोंडाला वास नको."

तात्यांनी सोडली. आठ दिवस भर उन्हाळ्यात गोधडी पांघरून कुडकुडत होते, ओकत होते. काकू दाराला आतून कडी लावून बसायच्या. लग्नाच्या दिवशी दाढी करून ते मांडवात उभे राहिले, तेव्हा मी त्यांना पटकन ओळखलं नाही.

नवरदेवाचा मामा म्हणाला, "व्याह्याचं लई नाव ऐकलंय. मंग जावयाला दुसऱ्यानं कशाला बांधायचा?"

तात्यांच्या हातून फेटा दोनदा सुटला. तिसऱ्यांदा कापड नवरदेवाच्या डोळ्यांवर आलं. पोरांनी मोबाइल काढले.

"तात्या, मान ढिली सोडा," मागून कुणीतरी ओरडलं. "माणूस हाय तुम्ही, खांब न्हाई!"

सगळा मांडव हसला.

"बिनातेलाचं इंजन हाय ते," माझे चुलते मला म्हणाले. "जा, जल्दी आण. मुहूर्त टळून राह्यला."

काकू आडव्या आल्या. "पाया पडते भाऊ. दुसऱ्याला बांधू द्या, पण ह्यान्ला देऊ नका."

चुलत्यांनी त्यांना हातानंच बाजूला केलं. मी आणली. स्टीलच्या पेल्यात, सरबतात मिसळून. तात्यांनी पेला लगेच घेतला नाही. आधी माझ्याकडं पाहिलं.

"तू कॉलेजात शिकून राह्यला ना? तूच सांग. पिऊ का?"

मागं हसणं चालूच होतं. मला त्यांची लाज वाटत होती, आणि ती कशीही संपावी एवढंच मला हवं होतं.

"एवढीच घ्या, तात्या," मी म्हणालो.

फेटा सुरेख बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कन्यादानाला तात्या समोर बसले, तेव्हा सवितानं एकदा वर पाहिलं आणि पदर नाकाला लावला. निघताना ती सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. बाप पुढं झाला, तशी ती गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर तात्या शुद्धीत दिसले नाहीत. पुढं पुढं तर पिऊनही हात थांबेनात. मग गावानं जालन्याचा दुसरा फेटेवाला शोधला. तो पीत नाही, म्हणून त्याचं सगळ्यांना फार कौतुक आहे.

परवा जालन्यात मस्तगडच्या माझ्या खोलीवर असताना आईचा फोन आला. तात्या सकाळी गेले. रक्ताची उलटी झाली. मातीसाठी लेकीची वाट बघायची का, हे विचारायला चुलत्यांनी सविताला फोन केला होता.

"काय म्हणली ती?" मी विचारलं.



"म्हणली, तुम्ही पाजली, तुम्हीच पोचवा."